परमुलखातील खानावळ

अमेरिकेतील एखाद्या मोठ्या शहराच्या मध्यवस्तीत दुपारचे बारा वाजतात. कचेऱ्यांतून माणसांचे लोंढे रस्त्यावर येतात. कोणी मित्राबरोबर असतो, कोणी वरिष्ठांबरोबर. पण त्या गर्दीत एखादा कारकून, एखादी टंकलेखिका, एखादा परगावचा फिरता विक्रेता असाही असतो, की ज्याला सोबत नाही आणि खिशातही फार पैसे नाहीत. थाटाच्या भोजनगृहात एकट्या गिऱ्हाइकाला दारातच विचारतात, ‘आपण एकटेच का?’ त्या प्रश्नात आदरापेक्षा कंटाळाच अधिक असतो. अशा वेळी त्या माणसाची पावले एका ओळखीच्या दाराकडे वळतात. दारावर तांबडी-सोनेरी अक्षरे असतात. आत एका जणासाठीही टेबल तयार असते. तो बसतो न बसतो तोच चहाची किटली समोर येते. पाठोपाठ वाटीभर गरम रस्सा, परतलेला भात, भाज्या आणि मांसाचे बारीक तुकडे घातलेले कालवण, आणि शेवटी एक पोकळ बिस्किट, ज्याच्या पोटात भविष्य सांगणारी चिठ्ठी असते. अर्ध्या तासात जेवण आटोपते. बिल पाहून कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

हे चिनी उपाहारगृहातील दुपारचे ताट अमेरिकेत इतके अंगवळणी पडले आहे, की ते स्वस्त का, ते एकट्या माणसाला इतके सोईचे का, आणि ते रांधणारा माणूस सात समुद्र ओलांडून तेथे का आला, हे प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाहीत. वस्तुतः या तीन प्रश्नांची उत्तरे शोधू लागले, की त्या एका ताटातून दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास बाहेर पडतो. तो इतिहास ताटाइतका गोड नाही.

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि जगाच्या चारी कोपऱ्यांतून माणसे सॅन फ्रान्सिस्को बंदराकडे धावली. त्यांत दक्षिण चीनमधील कँटन प्रांताची माणसे होती. सोन्याच्या नादाने आलेल्या या गावात बायका जवळजवळ नव्हत्याच. घरे नव्हती, चुली नव्हत्या. सगळे तंबूत राहणारे, एकटे आणि भुकेले. खाणीत उतरण्यापेक्षा खाणीत उतरणाऱ्यांना जेवू घालणे शहाणपणाचे, हे काही चिनी व्यापाऱ्यांनी लवकर ओळखले. १८४९ च्या नोव्हेंबरात तेथील चिनी रहिवाशांची एक सभा भरली, तीही जॅक्सन रस्त्यावरील ‘कँटन’ नावाच्या उपाहारगृहात. सुमारे तीनशे माणसे तेथे जमली होती. म्हणजे अमेरिकेत पाऊल टाकून वर्ष-दोन वर्षे होतात न होतात, तोच चिन्यांचे सार्वजनिक जीवन भोजनगृहाच्या आश्रयाने सुरू झाले होते.

बेयर्ड टेलर नावाचा अमेरिकन लेखक त्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात तेथील चिनी खानावळींचा उल्लेख केला आहे. पिवळ्या रेशमाची लांब तिकोनी निशाणे ही त्यांची खूण. एका जेवणाला एक डॉलर, मग कितीही खा. त्या काळच्या सॅन फ्रान्सिस्कोत प्रत्येक वस्तूचे भाव आकाशाला भिडले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा दर स्वस्त का वाटे, ते कळते. मौज अशी, की टेलरने तेथील पदार्थांत ‘करी’चाही निर्देश केला आहे. आपल्याकडची कढी-कालवणे इंग्रजांच्या गलबतांबरोबर पूर्वेकडील बंदरे फिरून चिनी आचाऱ्याच्या हातून कॅलिफोर्नियाच्या खाणवाल्याच्या पानात पडत होती, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागेल.

एकंदरीत, पहिल्या दिवसापासून या खानावळीची दोन लक्षणे ठरून गेली. एक, जेवण स्वस्त. दुसरे, जेवणारा बहुधा एकटा.

एकटा तर खरेच. पण रांधणारा त्याहूनही एकटा होता. गोवा, कोकण आणि घाटावरच्या माणसांना हे समजायला फार सायास पडू नयेत. मुंबईच्या गिरणगावात घरदार गावी ठेवून आलेला गडी खानावळीच्या महिन्यावर जगे. आगबोटीवर जाणारा गोवेकर खलाशी धोबीतलावच्या आसपास आपल्या गावच्या ‘कुडी’त ट्रंक टाकून बोटीची वाट पाही. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी माणसाचेही असेच होते. त्याच्या जिल्ह्याचा संघ त्याला बंदरावर उतरवून घेई, झोपायला फळी देई, काम पाहून देई, आणि तो मेला तर त्याची हाडे चीनला पोचवण्याचीही तजवीज करी. फरक एवढाच, की गिरणगावच्या गड्याला शिमग्याला गावी जाता येई आणि खलाशाला सफर संपताच घर दिसे. चिनी माणसाची बायको-मुले महासागरापलीकडे होती, आणि त्यांना आणण्याची वाट पुढे कायद्यानेच बंद झाली. १८७५ च्या कायद्याने चिनी स्त्रियांच्या येण्यावर मोठा अडसर घातला. १८९० च्या शिरगणतीत अमेरिकेत १,०३,६२० चिनी पुरुष आणि अवघ्या ३,८६८ चिनी स्त्रिया आढळल्या. सत्तावीस पुरुषांमागे एक स्त्री! अशा समाजात चूल घरात नसते, ती खानावळीतच असते.

ही माणसे आचारी होण्यासाठी अमेरिकेत आली नव्हती. त्यांनी आधी खाणीत काम केले. तेव्हा १८५२ साली कॅलिफोर्नियाने परदेशी खाणवाल्यांवर महिना तीन डॉलर कर बसवला आणि तो मुख्यतः त्यांच्याकडूनच वसूल होऊ लागला. १८५४ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने निर्णय दिला, की गोऱ्या माणसाविरुद्ध चिन्याची साक्ष ग्राह्य नाही. म्हणजे लुटले तरी बोलण्याची सोय राहिली नाही. नंतर हजारो चिनी मजुरांनी सिएरा नेवाडाचे कडे फोडून रेल्वेची वाट तयार केली. १८६९ च्या मे महिन्यात पूर्व आणि पश्चिम किनारे लोहमार्गाने जोडले गेले, आणि त्याबरोबर या मजुरांचे कामही संपले. ते शहरांकडे वळले, तेव्हा ‘हे कमी पगारात राबून आमची मजुरी पाडतात’ अशी ओरड सुरू झाली. १८८५ साली वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज येथे गोऱ्या खाणकामगारांनी चिनी वस्ती जाळली; अठ्ठावीस चिनी मारले गेले.

त्याआधीच, १८८२ च्या मे महिन्यात अध्यक्ष आर्थर यांनी चिनी मजुरांना देशात येण्यास मनाई करणाऱ्या कायद्यावर सही केली होती. एखाद्या राष्ट्राचे नाव घेऊन तेथील मजुरांना दार लावणारा अमेरिकेतील हा पहिला मोठा कायदा. प्रथम तो दहा वर्षांपुरता होता. १८९२ साली त्याची मुदत वाढवली गेली आणि पुढे तो कायमचा झाला. चिनी माणसाला नागरिकत्वही मिळणार नव्हते. आता त्याला कारखान्यात काम नाही, शेतावर भरवसा नाही. उरले ते दोनच धंदे: कपडे धुणे आणि स्वयंपाक करणे. गोऱ्या पुरुषाच्या मते ही बायकांची कामे. त्यांत चिन्याशी स्पर्धा करणे त्याला कमीपणाचे वाटे. ज्या कामाला कोणी हात लावत नव्हते, तेच काम या माणसांनी उचलले. पुढची पिढी ज्याला चिनी माणसाचा ‘उपजत पाककौशल्याचा गुण’ म्हणू लागली, तो बव्हंशी बंद दारांचा परिणाम होता.

याच काळात सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क नावाचा एक स्वयंपाकी आईबापांच्या देशाला भेट देऊन १८९५ साली परतला, तेव्हा त्याला बंदरावरच अडवण्यात आले. चिनी आईबापांचा मुलगा अमेरिकन कसा, असा सरकारचा युक्तिवाद होता. हा साधा स्वयंपाकी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च १८९८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो अमेरिकेचा नागरिकच होय. तेथे जन्मलेल्या कोट्यवधी परदेशीयांच्या मुलांना पुढे ज्या निर्णयाचा आधार मिळाला, तो एका आचाऱ्याच्या खटल्यातून निघाला, हे विसरण्याजोगे नाही.

पूर्व किनाऱ्यावर न्यूयॉर्कमध्ये तोवर निराळेच वारे वाहू लागले होते. ‘चॉप सुई’ नावाच्या पदार्थाने गोऱ्या गिऱ्हाइकाच्या जिभेचा कब्जा घेतला होता. त्याच्या जन्माची एक गोष्ट मोठ्या आवडीने सांगितली जाते. १८९६ साली चीनचे थोर मुत्सद्दी ली हुंग-चांग न्यूयॉर्कला आले, तेव्हा त्यांच्या स्वयंपाक्याने आयत्या वेळी उरलेसुरले जिन्नस एकत्र करून हा पदार्थ केला, अशी ती गोष्ट. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. न्यूयॉर्कमधील चिनी पत्रकार वाँग चिन फू यांनी त्यापूर्वी आठ वर्षे, म्हणजे १८८८ साली, या पदार्थाविषयी लिहून ठेवले आहे. कँटनी बोलीत या नावाचा अर्थ ‘सरमिसळ तुकडे’ असाच काहीसा होतो. तो मुळात कँटनकडचा साधा, घरगुती पदार्थ. मात्र ली हुंग-चांग यांच्या भेटीने न्यूयॉर्कच्या लोकांचे कुतूहल चाळवले, आणि चिनी वस्तीत जाऊन जेवणे ही एक टूम झाली, हे खरे.

टूम आली आणि गेली तरी गिऱ्हाईक टिकले, याचे कारण स्वस्ताई. आणि ही स्वस्ताई कोणाच्या कृपेने आलेली नव्हती. तिच्यामागे चुलीचे गणित होते. चिनी आचारी मांस आणि भाजी कच्ची असतानाच बारीक चिरतो. वेळ चिरण्यात जातो, शिजण्यात नाही. खोलगट कढई, तिच्याखाली भडकलेला जाळ, आणि दोन-चार मिनिटांत पदार्थ तयार. जळण थोडे, भांडे एक, आणि तेच भांडे पुसून लगेच पुढच्या गिऱ्हाइकासाठी तयार. मांसाचा तुकडा लहान असल्याने थोड्या मांसात ताट भरते. बाकीचे काम भात, कोबी, कांदा आणि मोड आलेले मूग करतात. एका माणसाचे जेवण करायला दहा माणसांचा हंडा चढवावा लागत नाही. एकट्या गिऱ्हाइकाचे स्वागत या स्वयंपाकाच्या पद्धतीतच आहे. गणितातील शेवटचा आकडा मात्र कागदावर कधी मांडला गेला नाही. तो म्हणजे मालक, भागीदार आणि नातलगांचे सकाळपासून मध्यरात्रीपर्यंतचे कष्ट. ते बिलात कधीच लागत नसत.

यापुढची हकिकत कायद्याच्या आडवाटेची आहे. मजुराला बंदी असली तरी व्यापाऱ्याला बंदी नव्हती. चिनी व्यापाऱ्याला स्वदेशी जाऊन परत येता येई, बायको-मुलांनाही आणता येई. पण उपाहारगृहाचा मालक व्यापारी की मजूर? १९१५ साली एका संघीय न्यायालयाने अशा मालकास व्यापाऱ्याच्या वर्गात येऊ दिले. अटी कडक होत्या. उपाहारगृह बऱ्यापैकी भांडवलाचे आणि चांगल्या दर्जाचे हवे. मालकाने वर्षभर केवळ व्यवस्था पाहावी, पळीला हात लावू नये, ताट उचलू नये, गल्ल्यावर बसू नये. चिन्यांनी या अटींतून मोठ्या चातुर्याने वाट काढली. दहा-वीस नातलग आणि गाववाले पैसे जमवून एक उपाहारगृह काढीत. पहिला भागीदार वर्ष-दीड वर्ष ‘व्यवस्थापक’ होई, कागद मिळवी, चीनला जाऊन कुटुंब पाहून येई. मग दुसऱ्याची पाळी. भिशीत प्रत्येकाचा क्रमांक लागावा, तसा प्रत्येकाला घरी जाण्याचा क्रमांक लागे. १९१५ नंतर अमेरिकन शहरांत चिनी उपाहारगृहांची संख्या झपाट्याने वाढली, ती केवळ अमेरिकनांच्या जिभेला चटक लागल्यामुळे नव्हे. प्रत्येक नवे उपाहारगृह हा कोणाच्या तरी मुलाबाळांना भेटण्याचा परवाना होता.

हे लोण शहराच्या मध्यवस्तीत पोचले, तेव्हा विरोधही वाढला. आचारी आणि वाढप्यांच्या कामगार संघटनांनी बहिष्काराची हाक दिली. १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये एका गोऱ्या तरुणीचा खून झाला आणि तिचे प्रेत एका चॉप सुई उपाहारगृहाच्या वरच्या खोलीत सापडले. त्या एका गुन्ह्यावरून सगळी जात गुन्हेगार ठरवण्याचा उद्योग सुरू झाला. १९१० साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळापुढे असे विधेयक आले, की एकवीस वर्षांखालील स्त्रियांना चिनी उपाहारगृहात जाण्यास मनाई असावी. ते घटनेत बसत नाही असे मत पडले, म्हणून टळले.

ज्या स्त्रियांना या जेवणापासून ‘वाचवायचे’ होते, त्यांनाच ते हवे होते. कचेऱ्यांत आणि दुकानांत नव्याने नोकरी करू लागलेल्या मुलींना एकटीने बसून अब्रूने जेवता येईल अशी स्वस्त जागा चिनी उपाहारगृहाने दिली. गुत्त्यात त्यांना जाता येत नव्हते आणि मोठी हॉटेले परवडत नव्हती. एडवर्ड हॉपर या चित्रकाराने १९२९ साली ‘चॉप सुई’ नावाचे चित्र काढले. त्यात खिडकीशी लहानशा टेबलापाशी समोरासमोर बसलेल्या दोन तरुणी आहेत, मध्ये चहाची किटली, आणि बाहेर उपाहारगृहाच्या पाटीची अक्षरे. रविवारी आणि नाताळाच्या दिवशी इतर दुकाने बंद असताना ज्यू कुटुंबे येथे येत. इतरत्र दारातून परत पाठवल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांनाही पुष्कळ ठिकाणी येथे टेबल मिळे. ज्याला इतरांनी उंबऱ्याबाहेर ठेवले होते, त्याच्या घरात इतर उंबऱ्याबाहेरची माणसे येऊन जेवत होती.

भविष्याची चिठ्ठी घातलेल्या त्या बिस्किटाची हकिकत तर आणखीच विलक्षण आहे. ते बिस्किट मुळात चिनी नाही, जपानी आहे. कॅलिफोर्नियात ते रूढ केले जपानी हलवायांनी. १९४२ साली, जपानशी युद्ध जुंपल्यावर, पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या माणसांना घरांतून उचलून छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. हलवायांच्या भट्ट्या थंड झाल्या, आणि बिस्किटाचा धंदा चिन्यांच्या हाती गेला. काल ज्यांना हाकलले जात होते ते आज मित्रराष्ट्राचे झाले, आणि आजचे हाकललेले दुसरेच ठरले. युद्धातील याच मैत्रीपोटी डिसेंबर १९४३ मध्ये चिनी बंदीचा कायदा रद्द झाला. त्या औदार्याचे मापही पाहण्यासारखे आहे: नव्या नियमाप्रमाणे साऱ्या चिनी वंशासाठी वर्षाला जागा ठरल्या फक्त १०५! खरे दार उघडले ते १९६५ च्या कायद्याने. मग हाँगकाँग आणि तैवानहून नवे आचारी आले. १९७२ साली अध्यक्ष निक्सन पेकिंगला जाऊन मेजवानी जेवले, ती अमेरिकेने दूरचित्रवाणीवर पाहिली. आणि चॉप सुई मागे पडून हुनान व सेचवानचे झणझणीत पदार्थ पुढे आले. दुपारचे स्वस्त ताट मात्र हलले नाही.

या साऱ्या हकिकतीकडे ‘ती अमेरिकेची गोष्ट’ म्हणून पाहणे सोपे आहे. पण भारतातही चिनी माणूस अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळ येऊन राहिला. त्याने साखर काढली, चामडे कमावले, सुतारकाम केले, दातांचे दवाखाने काढले आणि उपाहारगृहे थाटली. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनशी युद्ध झाले, आणि त्यानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लेकरांना, आसाम-बंगालमधून आगगाडीत बसवून राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेऊन ठेवण्यात आले. काही जण तेथे चार-पाच वर्षे होते. अनेकांचा जन्म याच देशातला होता. सरहद्दीवरील लढाईशी त्यांचा संबंध नव्हता. सुटून आल्यावर कित्येकांना आपले दुकान, घर लिलावात गेलेले आढळले. पुष्कळजण देश सोडून गेले.

जे राहिले, त्यांनी पुन्हा कढई चढवली. १९७५ च्या सुमारास कलकत्त्यात जन्मलेले चिनी आचारी नेल्सन वाँग यांनी मुंबईच्या क्रिकेट क्लबात लसूण, आले आणि हिरवी मिरची तेलावर परतली, त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, आणि ‘चिकन मंच्युरिअन’ जन्माला आले. आज बेळगावपासून इंदूरपर्यंत नाक्यानाक्यावर तांबड्या गाडीवर ‘चायनीज’ अशी पाटी दिसते. कढईशी उभा असलेला पोरगा बहुधा नेपाळचा, बिहारचा किंवा आपल्याच शेजारच्या तालुक्यातला असतो. समोर बाकड्यावर एखादा विद्यार्थी, एखादा रिक्षावाला एकटाच बसून थोड्या पैशांत पोट भरत असतो. पदार्थाला देश चिकटवला गेला, पण त्या देशाची माणसे मात्र त्या गाडीपासून फार दूर राहिली.

२०११ साली अमेरिकेच्या सिनेटने आणि २०१२ च्या जूनमध्ये प्रतिनिधिगृहाने १८८२ च्या त्या कायद्याबद्दल ठरावाने खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षांनी आलेला तो खेद ऐकायला ज्यांची साक्ष एकेकाळी ग्राह्य नव्हती, त्यांतील कोणी हयात नव्हते. तरी ठराव झाला, हे बरेच झाले. चूक झाली असे म्हणायला राष्ट्रालाही धीर लागतो.

मध्यवस्तीतील त्या उपाहारगृहात आता साडेबारा वाजले आहेत. एकटा गिऱ्हाईक बिस्किट मोडतो, चिठ्ठी वाचतो, किंचित हसतो आणि उठतो. चिठ्ठीत पुढे काय घडेल ते लिहिलेले असते; मागे काय घडले, ते कधीच नसते. तो बिलाचे पैसे ठेवतो, वर थोडी बक्षिसी ठेवतो. हिशेब चुकता झाला असे त्याला वाटते. गल्ल्यामागचा माणूस मान लववून त्याला निरोप देतो, आणि आतल्या खोलीत कोणीतरी पुढच्या एकट्या माणसासाठी कांदा चिरायला घेतो.